नऊ अ‍ॅव्होकाडो आणि एक साडी

"सर, तुमची मावशी लॉबीत साडी वाळत घालतेय."

मेसेज सकाळी साडेआठचा. खाली फोटो. लोअर परळच्या एका काचेच्या टॉवरची लॉबी, चकचकीत मार्बल, मागे एलईडीची भिंत आणि डाव्या कोपऱ्यात आमच्या दोन अ‍ॅव्होकाडोच्या झाडांवर टाकलेली जुनी सुती साडी, जांभळ्या काठाची. पाठवणारा पिंटो, त्या टॉवरचा फॅसिलिटी मॅनेजर. म्हणजे बिल्डिंगचे दिवे, एसी, लिफ्ट, संडास, झाडं, जे काही बिघडेल त्याबद्दल ज्याला शिव्या पडतात तो माणूस. फोटो त्याने मला एकट्याला पाठवला नव्हता. ग्रुपवर टाकला होता. ग्रुपमध्ये सिक्युरिटी, हाउसकीपिंग, कंपनीच्या अ‍ॅडमिनच्या मॅडम, सगळे.

मी लालबागला घरी, चहाचा कप हातात. डोकंच फिरलं. सुनंदाताईंना फोन लावला.

"ताई, ती साडी काढा आधी."

"सर, ऐका तरी, ते झाडांना..."

"आधी काढा. मग बोलू."

"बरं."

त्या "मग"ला पुढे चार महिने लागले. एक प्रश्न विचारायचा होता, का टाकली साडी म्हणून. मी विचारला नाही, ग्रुपमधल्या कुणीच विचारला नाही. सगळ्यांनी फोटो पाहिला आणि सगळ्यांना वाटलं, चाळीतली बाई, लॉबीत कपडे वाळत घालणारच.

आता माझं काम सांगतो. मी हॉर्टिकल्चरिस्ट, म्हणजे शिकलेला माळी. कोकणातल्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. केलं आणि नोकरीची तीस वर्षं ऑफिसांमधली झाडं जगवण्यात घालवली. आमची कंपनी ऑफिसांना झाडं पुरवायची आणि सांभाळायची. नितीनभाई मालक, मी टेक्निकल हेड. माळी साइटवर रोज असतो, पाणी घालतो, पानं पुसतो. मी आठवड्यातून एकदा जायचो, पानं उलटीपालटी करून बघायचो आणि रिपोर्ट लिहायचो. गेल्या वर्षी रिटायर झालो, म्हणून हे लिहितोय. नोकरीत असतो तर लिहिलं नसतं. तेव्हा जे लिहायला पाहिजे होतं तेही लिहिलं नाही, ते पुढे येईलच.

सुनंदाताई जाधव त्या टॉवरच्या माळी. नायगावच्या बीडीडी चाळीत राहणाऱ्या. घरी सासू आणि कॉलेजात जाणारी मुलगी, नवरा नाही, घर यांच्यावर. टॉवरमध्ये आल्या तेव्हा हाउसकीपिंगमध्ये होत्या, लादी पुसायला. लादी पुसता पुसता कुंड्यांमधली सुकलेली पानं काढायच्या, कुणी सांगितलेलं नसताना. आमचा माळी रजेवर गेला की पाणी घालायच्या. आठ वर्षं मॉप मारल्यावर मी नितीनभाईंच्या मागे लागून त्यांना आमच्या एजन्सीच्या खात्यात माळी म्हणून घेतलं. हिरवा टी-शर्ट मिळाला त्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला होता. "सर, आता खाली वाकायचं ते मातीसाठी," म्हणाल्या. मी हसलो होतो.

टॉवरमधली कंपनी हेल्थ फूडची. कुठल्याशा परदेशी ऑफिसात त्यांच्या मोठ्या साहेबांनी फळझाडं बघितली आणि इथे हुकूम सुटला, लॉबीत खरी अ‍ॅव्होकाडोची झाडं पाहिजेत. मी नितीनभाईंना म्हटलं, "हे डोंगरातलं झाड आहे, याला हवा लागते. लॉबीत याचं काय काम?" ते म्हणाले, "तुझं काम झाड जगवायचं. ते कुठलं ठेवायचं हे गिऱ्हाईक ठरवणार." सप्टेंबरात दक्षिणेतल्या एका नर्सरीतून नऊ कलमं आली. माणसापेक्षा उंच, पानं तेल लावल्यासारखी. काचेच्या भिंतीला लागून ओळीने मांडली. खरं सांगतो, देखणी दिसत होती. उद्घाटनाला लोकांनी सेल्फी काढले.

दिवाळीपर्यंत सगळं झकास. दिवाळीनंतर पानं फिकी पडायला लागली.

ऑफिसातल्या झाडाचं पान फिकं पडलं की आमच्या धंद्यात पहिला संशय उजेडावर जातो. आत उजेड कमी, म्हणून झाड अशक्त. दहापैकी आठ वेळा ते खरंही असतं. मी सहा ग्रो लाइट लावले. ग्रो लाइट म्हणजे झाडांसाठीचे तेज दिवे, सूर्याची हौस भागवणारे. सकाळी सातला आपोआप लागायचे. "आता बघा," मी पिंटोला म्हटलं, "दोन आठवड्यांत फरक दिसेल."

फरक दिसला. पानं पांढरटच पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग उडालेल्या रंगाच्या शर्टासारखा.

दुसरा संशय पाणी. अ‍ॅव्होकाडोला खारट पाणी अजिबात चालत नाही. टँकरच्या पाण्यात मीठ असलं की पानाची टोकं आणि कडा करपतात. इथे कडा शाबूत होत्या, मधला भाग पांढरा. ते मला दिसलं होतं. पण दिसणं आणि त्यावर थांबून विचार करणं, यात फरक असतो. माझ्याकडे तेव्हा बावीस साइट होत्या.

डिसेंबरात एकदा मी गेलो तेव्हा सुनंदाताई वाटच बघत होत्या. अंगात हिरव्या टी-शर्टवर स्वेटर, पायात मोजे.

"मुंबईत स्वेटर कसला घालता, ताई?"

"सकाळी इथं उभं राहून बघा सर. दात वाजतात." त्यांनी वर बोट केलं. छतात एसीची लांब जाळी होती. "आणि सर, हे पाण्याचं नाही. बघा ना, काचेकडची बाजू पांढरी, आतली हिरवी. एकाच झाडाची."

"काचेकडून ऊन येतं, ताई. ऊन म्हणजे झाडाचं जेवण. जेवणाने कुणी आजारी पडतं का?"

त्या म्हणाल्या, "हातपाय गारठलेल्या माणसाच्या पुढ्यात ताट वाढून काय करायचं, सर? त्याला घास उचलतो का?"

मी हसलो. काय शहाणपण म्हणावं! बी.एस्सी. मी होतो, त्या सातवी पास. पाणी बेताने घाला असं सांगून मी लिफ्टकडे वळलो. घड्याळात सव्वाअकरा. मी त्या साइटवर कायम अकराला जायचो. लालबागहून निघून आधी चिंचपोकळीची साइट, मग ही, मग दादर. इतकी वर्षं तोच क्रम.

त्यानंतर तीन आठवड्यांनी साडीचा फोटो आला.

फोटोच्या दुसऱ्याच दिवशी पिंटोने मला आणि नितीनभाईंना बोलावलं. मॅडम तापल्या होत्या. झाडं मरतायत, वर माळीण लॉबीचा धोबीघाट करतेय. परदेशातून साहेब यायचे होते.

"मला आरसीए पाहिजे, आजच्या आज," पिंटो म्हणाला. आरसीए म्हणजे दोष कशामुळे झाला ते शोधून लिहायचा फॉर्म. "मॅडमला कॉज पाहिजे. कॉज आणि अ‍ॅक्शन."

मी एक कुंडी रिकामी करून मुळं बघितली. पाणी जास्त झालं की अ‍ॅव्होकाडोची मुळं काळी पडतात, बोटात घेतली की साल सुटते, वास मारतात. ही मुळं पांढरी होती. टणक, ताजी. पाणी घालणाऱ्या हाताला बक्षीस द्यावं अशी. मी ती पाहिली, हातात धरली आणि परत मातीत लोटली.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, बाहेरच्या माणसाला ती माहीत नसते. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात चार पर्याय असतात. पाणी, कीड, उजेड, इतर. उजेड लिहिला तर बोट माझ्या दिव्यांवर येतं. कीड लिहिली तर फवारणी आली, ऑफिसात फवारणी म्हणजे बोंबाबोंब. इतर लिहिलं तर शंभर प्रश्न, आणि त्यातून बिल्डिंगचा दोष निघाला तर गिऱ्हाईक तुटलं. म्हणून सगळे डोळे मिटून "पाणी" लिहितात. पाणी लिहिलं की माळी बदलायचा. इथला तिथे, तिथला इथे. दोन महिन्यांत सगळे विसरतात, माळ्याची नोकरीही शाबूत राहते. मी नोकरीत कितीतरी वेळा पाणी लिहिलंय. नवीन येणाऱ्यांना मीच ते शिकवायचो. "बिल्डिंग बदलता येत नाही, माळी येतो," असं मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

त्या दिवशीही तेच लिहिलं. कारण, पाणी जास्त. कुणाकडून, सुनंदा जाधव, माळी. उपाय, माळी बदलणे. खाली माझी सही.

सुनंदाताई लॉबीच्या खांबापाशी उभ्या होत्या. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "ताई, काळजी करू नका. आठवडाभरात कॉटन ग्रीनच्या साइटवर घेतो."

"पाणी जास्त घातलं असं लिहिलंत?"

"नुसती फॉर्मॅलिटी हो. कागदापुरतं."

"मुळं बघितलीत ना तुम्ही?"

मी म्हटलं, "ताई, नंतर बोलू." परत नंतर.

मला माहीत नव्हतं, म्हणजे माहीत करून घेतलं नव्हतं, की त्या कंपनीने त्या वर्षी पोर्टल बदललं होतं. पूर्वी आरसीएचा कागद फाइलला लागायचा आणि धूळ खायचा. आता फॉर्म पोर्टलवर चढला की त्यातलं नाव थेट गेट पासच्या सिस्टिमला जायचं. निष्काळजीपणाने कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान, असा शेरा सुनंदाताईंच्या नावापुढे लागला. तो शेरा फक्त त्या टॉवरपुरता नव्हता. त्या उद्योगसमूहाच्या मुंबईतल्या सगळ्या बिल्डिंगा, आणि त्यांचं बघून इतरांच्याही. कॉटन ग्रीनच्या गेटवर मशीनने त्यांचा पास लाल दाखवला. आमच्या एजन्सीने आठ दिवस वाट बघितली आणि हिरवा टी-शर्ट परत मागितला.

हे मला नितीनभाईंनी फोनवर सांगितलं, पाऊस पडतोय असं सांगावं तसं. "ती बाई गेली रे आपली. दुसरी बघतोय."

त्याच आठवड्यात मी टॉवरवर गेलो. नवीन माळी आला होता, पाणी मोजून घालत होता. झाडं तरी मरतच होती. सातांचा खराटा होत चालला होता. पण कोपऱ्यातली दोन, साडीवाली, मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि हललोच नाही.

त्या दोन झाडांची वरची पानं हिरवी होती. खालच्या फांद्या पांढऱ्या, वरचा भाग हिरवागार. आणि दोन्हींच्या मधली रेघ सरळ होती. झाडाच्या मधून, कमरेच्या उंचीवर, दोन्ही झाडांवर एकाच पातळीत. कीड सरळ रेघेत खात नाही. पाणी तर मुळीच नाही. मी खिशातून फोन काढला, तो फोटो उघडला, मोठा केला. साडीचा जांभळा काठ बरोबर त्या रेघेवर होता.

आयला, असं मी मोठ्याने म्हणालो असणार. सिक्युरिटीवाला बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच सकाळी सातला त्या लॉबीत गेलो. हातात थर्मामीटर, दिवसभरातलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान धरून ठेवणारा. पानांच्या मधे टांगला. वरच्या जाळीतून गार झोत सरळ झाडांवर येत होता. पाच मिनिटांत माझी बोटं आखडली. तापमान तेरा. लॉबीचा पॅनेल मात्र बावीस दाखवत होता, कारण एसीचा सेन्सर होता दुसऱ्या टोकाला, फिरत्या दरवाजापाशी, जिथे रस्त्यावरची गरम हवा आत येते. सेन्सरला वाटायचं अजून गरम आहे, तो आणखी गार मागायचा. मोठे साहेब लोक नऊला कोट घालून येतात, म्हणून एसीचा चिलर पहाटेपासून पूर्ण जोरात. अकरापर्यंत लॉबी भरून थंड झाली की झोत मंदावायचा.

आणि मग साडेसातला ऊन आलं. पावसाळ्यानंतर झाडं आणली तेव्हा सूर्य उंच होता, ऊन काचेपाशीच थांबायचं. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो. आता ऊन काचेतून आडवं आत शिरून झाडांच्या तोंडावर. वरून माझे सहा दिवे. दहा वाजता ऊन सरकून गेलं. अकराला मी यायचो तेव्हा ऊनही नाही, झोतही नाही. मस्त वातावरण.

सोपं करून सांगतो. पान उजेड घेतं आणि त्यातून अन्न बनवतं. थंडीत अन्न बनवण्याचं काम मंदावतं, पण उजेड घेणं मंदावत नाही. आलेला उजेड वापरला जात नाही, तो पानाच्या आतच मोडतोड करतो, हिरवा रंग जाळतो. नुसती थंडी असती तर झाड आळसावलं असतं, मेलं नसतं. नुसता उजेड असता तर खूश झालं असतं. दोन्ही एकत्र, ते मारक. हातपाय गारठलेल्याच्या पुढ्यात ताट. त्या बाईने मला हे डिसेंबरात सांगितलं होतं. मी हसलो होतो आणि ताटं वाढवत बसलो होतो, सहा दिव्यांची.

तरी खात्री करून घेतली. दिवे बंद केले. एक झाड लिफ्टच्या बोळात हलवलं, थंडी तीच, ऊन नाही. दुसरं टेरेसवर सावलीच्या नेटखाली, उजेड भरपूर, थंडी नाही. बाकीची जागेवर. दोन आठवड्यांत बोळातलं होतं तसंच राहिलं, टेरेसवरच्याने तांबूस पालवी काढली. जागेवरची आणखी पांढरी पडली. इतकं स्वच्छ उत्तर मला अख्ख्या नोकरीत मिळालं नव्हतं, आणि ते माझ्या सहीच्या विरुद्ध होतं.

पिंटोला सकाळी साडेसातला बोलावलं. त्या जाळीखाली उभं केलं.

"दोन मिनिटं उभा राहा फक्त."

दीड मिनिटात तो हात चोळायला लागला. "ठंडी तर आहे यार."

"पत्र्याचा एक डिफ्लेक्टर लाव. झोत भिंतीकडे वळव. काचेला सकाळपुरता पडदा. उरलेली झाडं वाचतील."

"सीलिंगला हात लावायचा तर आर्किटेक्टची परमिशन. काचेला पडदा तर मॅडम मला खिडकीतून खाली टाकेल. लॉबीचा लुक आहे ना तो." मग आवाज खाली करून म्हणाला, "तुझं बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण लेखी नको हां. पॅनेलवर बावीस आहे. मी कागदावर बावीसच दाखवणार."

"पिंटो, त्या बाईचं नाव काढ सिस्टिममधून. तिची काही चूक नाही."

"तक्रारीचं तिकीट क्लोज झालंय रे. आता तुमच्या लेटरहेडवर पत्र पाहिजे, की आमचा पहिला रिपोर्ट चुकीचा होता. आण, मी चढवतो. माझं काय जातंय?"

मी तिथून सरळ आमच्या ऑफिसात गेलो. नितीनभाई जेवत होते. सगळं ऐकून घेतलं. डबा बंद केला.

"म्हणजे आपण खोटं लिहिलं असं आपणच लिहून द्यायचं?"

"खोटंच लिहिलं होतं."

"तू लिहिलंस."

"हो. मीच लिहिलं."

"मग ऐक. उद्या ते म्हणतील, तुम्हाला कळत नाही तर तुम्ही इथे करता काय? कॉन्ट्रॅक्ट गेलं तर त्या टॉवरवरचे आपली पाच माणसं घरी. एका बाईसाठी पाच माणसं घालवू? तुझी दोन वर्षं राहिली ना रिटायरमेंटला? शांतपणे काढ."

मी तेव्हा काय करायला पाहिजे होतं ते मला माहीत आहे. वाचणाऱ्यालाही माहीत आहे. लेटरहेड त्यांचं असलं तरी मेल माझी होती, मॅडमचा पत्ता माझ्याकडे होता. मी मेल लिहिली सुद्धा. थर्मामीटरचे फोटो, साडीची रेघ, टेरेसची पालवी, सगळं लावलं. तीन दिवस ड्राफ्टमध्ये ठेवली. चौथ्या दिवशी मॅडमचीच मेल आली, ग्रुपवर सगळ्यांना. नऊ झाडं काढून टाकावीत, त्याजागी आर्टिफिशियल लावावीत. प्लॅस्टिकची. मी स्वतःला सांगितलं, आता झाडंच नाहीत तर कारण सांगून काय उपयोग? पळपुटेपणाला कारण मिळालं की माणूस त्याला घट्ट धरतो. ड्राफ्ट पुसून टाकला.

प्लॅस्टिकची झाडं नितीनभाईंनीच पुरवली. हुबेहूब. पान बोटाने चोळल्याशिवाय कळत नाही. परदेशातले साहेब आले आणि म्हणाले म्हणे, झाडं काय सुंदर ठेवली आहेत. मी दर आठवड्याला जाऊन रिपोर्टवर लिहायचो, प्रकृती उत्तम.

एप्रिलात मी नायगावला गेलो. इतके दिवस हिंमत झाली नव्हती. सुनंदाताईंच्या चाळीतले अर्धे लोक नव्या इमारतीत हलले होते, जिना मोकळा मोकळा. त्यांच्या घराबाहेर गॅलरीत खोकी बांधून ठेवलेली, पुढच्या महिन्यात त्यांचाही नंबर होता. त्या नुकत्याच कामावरून आल्या होत्या. माटुंग्याला एका हॉलमध्ये लागल्या होत्या, लग्नामुंजींचा हॉल. काम लादी पुसण्याचं.

"बसा सर." खुर्ची दिली. मुलीला चहा टाकायला सांगितला. मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली, ती नजर मी विसरलेलो नाही.

मी सगळं सांगितलं. थंडी, ऊन, सेन्सर, तेरा, बावीस. माझे दिवे. साडीची रेघ. त्या ऐकत होत्या. मधे एकदाही "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे तुमचं बरोबर होतं, ताई."

"ते मला ठाऊकच होतं, सर. मी रोज सातला तिथं असायचे." मग म्हणाल्या, "मॅडमना सांगितलंत?"

"नाही."

"नितीनभाईंना?"

"सांगितलं. ते पत्र द्यायला तयार नाहीत."

मी खिशातून कागद काढला. घरून लिहून आणला होता. साधा कागद, खाली माझी सही, नाव, डिग्री. झाडं थंडी आणि तीव्र उजेडाने गेली, पाण्याने नाही, सुनंदा जाधव यांचा काही दोष नाही, आधीचा माझा रिपोर्ट चुकीचा होता. त्यांनी हातात घेतला, उलटा करून बघितला.

"वर कंपनीचं नाव नाही?"

"नाही."

"मग हा गेटवर चालणार नाही."

"नाही चालणार."

त्यांनी कागद शांतपणे वाचला. वाचायला वेळ घेतला. मग माझ्यापुढे परत ठेवला.

"यात साडीचं नाही."

"साडीचं म्हणजे?"

त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पाणी जास्त घातलं म्हणालात, ते एक वेळ सहन केलं. कामात चूक होते माणसाची, असं म्हणेल कुणी. पण मी तिथं कपडे वाळत घातले म्हणालात तुम्ही सगळे. तो फोटो फिरत फिरत माझ्या मुलीच्या मैत्रिणीच्या आईकडे आला, ती तिथंच पॅन्ट्रीत आहे. पोरीने मला विचारलं, आई, खरंच घातलीस का गं? धुतलेली, इस्त्रीची साडी होती ती, सर. घरून रोज पिशवीतून न्यायचे. झाडाला ऊन लागू नये म्हणून. दहाला घडी करून परत आणायचे. लिहा ते."

मी पेन काढलं. खाली लिहिलं, साडी झाडांना उन्हापासून वाचवण्यासाठी टाकली होती, कपडे वाळत घातलेले नव्हते. परत सही केली.

त्यांनी मुलीला हाक मारली. "वाच गं. मोठ्याने."

मुलीने वाचलं. सुनंदाताईंनी कागदाची घडी घातली आणि घरातले महत्त्वाचे कागद ठेवायच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरात ठेवली, खोलीच्या कागदांबरोबर. चहा आला. आम्ही प्यालो. निघताना मी म्हटलं, "ताई, काही लागलं तर सांगा." त्यांनी मान हलवली. त्यांनी कधी काही सांगितलं नाही, आणि का सांगावं?

रिटायर झालो त्या दिवशी पिंटोला विचारलं होतं. म्हणाला, नाव अजून यादीत आहे, तशी यादी कुणी साफ करत नाही. झाडंही अजून आहेत, हिरवीगार. त्यांच्यावरची धूळ पुसायला एक मावशी ठेवली आहे.

धंद्यात नवीन आलेली मुलं कधी फोन करतात, सर, पान पांढरं पडतंय, काय करू? मी सांगतो, अ‍ॅव्होकाडोला थंड झोत आणि कडक उजेड एका वेळी देऊ नका, दोन्हींपैकी एक थांबवा. मुळं बघा आणि बघितली तेच लिहा. पाणी घालणाऱ्या माणसाला आधी विचारा, आणि साइटवर सकाळी सातला जा. अकराला सगळं ठीकच दिसतं.